आधी खालची पेठ

"मोहिते-सान, पाय वर घ्या!"

साकाई-सान ओरडल्या आणि काही कळायच्या आत मी टोफूच्या रिकाम्या पेटीवर चढून उभी राहिले. दुकानासमोरच्या गटाराचं लोखंडी झाकण आतून कुणी ढकलावं तसं वर उचललं गेलं आणि अर्धा बर्फ, अर्धं पाणी असा राखाडी लगदा उंबरा ओलांडून सरळ आत शिरला. सोयाबीन भिजत घातलेली बादली आडवी झाली. दाणे सगळीकडे पसरले. साकाई-सान चौऱ्याहत्तर वर्षांच्या, माझ्या खांद्याएवढ्या. त्यांनी कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि लगदा बाहेर ढकलायला सुरुवात केली.

"दर वर्षीचंच आहे," त्या वाकूनच म्हणाल्या. "तुमचा टोफू एक ठेवू की दोन?"

या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. माझे यजमान श्रीधर तेव्हा हिनोसेतल्या पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर होते आणि मी त्यांच्यामागून जपानला गेले होते. हिनोसेला शहर म्हणायचं, कारण नगरपालिकेच्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं. एरवी ते आमच्या तासगावाएवढंच असेल. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि हिवाळ्यात माणूस बुडेल एवढा बर्फ.

सगळं गाव उतारावर वसलेलं. माथ्यावर एके काळी किल्ला होता. आता नुसता दगडी चौथरा उरलाय. त्याच्या खाली सरदार-मानकऱ्यांची वस्ती, ती वरची पेठ. मग व्यापाऱ्यांची मधली पेठ. आणि अगदी खाली, नदीला टेकलेली, नावाडी, रंगारी आणि टोफूवाल्यांची आमची खालची पेठ. तिथल्या भाषेत त्यांना पेठ म्हणत नाहीत, पण मला दुसरा शब्द कधी सुचलाच नाही. सरदार गेले, नावा गेल्या, नदीवर पूल झाले, तरी कोण वरचा आणि कोण खालचा हे लोक विसरले नव्हते.

बर्फाचं काय करायचं यावर गावाने त्याच्या चाळीस वर्षं आधी एक युक्ती काढली होती. रस्त्याच्या कडेने, झाकणांखालून, वरपासून खालपर्यंत एक सिमेंटचा पाट बांधला होता. वरच्या पेठेजवळ नदीच्या वरच्या अंगाला एक दार. रोज सकाळी ते दार उघडून पाटात पाणी सोडायचं. ज्या पेठेची पाळी असेल तिने झाकणं उघडायची, घरासमोरचा बर्फ फावड्याने आत लोटायचा, की पाणी तो वाहून खाली नदीत नेऊन टाकणार. सहा वाजता वरच्या पेठेची पाळी, सातला मधलीची, आठला खालचीची. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. कृष्णेच्या कालव्यावरच्या पाण्याच्या पाळ्या आणि भांडणं मागे टाकून एवढ्या लांब आले, तर इथेही पाट आणि पाळ्या हजर!

फक्त एक गोम होती. आठ वाजता आमची पाळी यायची, तेव्हा वरच्या दोन्ही पेठांचा बर्फ साकाई-सानांच्या दुकानासमोरच्या वळणावर येऊन तुंबलेला असायचा. आमचा बर्फ आत जाण्याऐवजी त्यांचाच बाहेर यायचा.

त्या जानेवारीत तिन्ही पेठांच्या मंडळाने यावर तोडगा काढला. खालच्या पेठेत पाणी शिरतं ना, मग पुढच्या हिवाळ्याआधी खालच्या पेठेची झाकणं कायमची पक्की करून टाकायची. आमच्या पेठेने आपला बर्फ घसरगाड्यांवर लादून नदीकाठी नेऊन टाकायचा. महिनाअखेरच्या सभेत त्यावर शिक्कामोर्तब होणार होतं.

"मग तुम्ही काय करणार?" मी साकाई-सानांना विचारलं.

"नागोयाला लेकीकडे जाईन. सातव्या मजल्यावर खोली ठेवलीय तिने माझ्यासाठी. तिथे बर्फ नसतो."

"आणि दुकान?"

"दुकान सातव्या मजल्यावर कसं नेणार?" त्या म्हणाल्या आणि माझा टोफू पाण्यात हात बुडवून तळव्यावरच कापू लागल्या.

मला फार वाईट वाटलं. त्या परक्या गावात माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या साकाई-सान. माझं जपानी झालं ते त्यांच्या गल्ल्याजवळ उभं राहून. टोफू काढून उरलेला सोयाबीनचा चोथा त्या मला फुकट द्यायच्या आणि मी त्याची थालीपीठं लावायचे. मनातल्या मनात मी त्यांना साकाईकाकू म्हणायचे. चार पिढ्यांचं दुकान, आणि ते चार-सहा लोखंडी झाकणांपायी बंद पडणार!

रविवारी आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोन असायचा. आण्णा आमच्या कालव्याच्या पाणीवापर संस्थेचे चेअरमन. आवाज असा की फोनची गरज नसावी.

"आण्णा, हितंबी पाण्याच्या पाळ्या हाईत," मी म्हटलं.

"आनि पाटाच्या शेपटाकडचा बोंबलतोय."

"तुमाला कसं कळलं?"

"अगं, शेपटाकडचा बोंबलत न्हाई असा पाट दाव मला. पाळी कुठनं सुरू करत्यात?"

"वरनं."

"मग झालं की! शेपटापासनं वर चला म्हनावं. आदी शेपूट मोकळं करायचं, मग मधला, मग वरचा. परत्येकाला पुढचा पाट रिकामा घावतोय बघ. आपल्या हितं काय केलं आपन? आट वर्सं मारामाऱ्या झाल्या, मग शहाणपन आलं."

"पर हितं पाणी न्हाई आण्णा, बर्फ हाय."

"पाणी असू दे न्हाईतर बर्फ. पाट त्यो पाटच."

मला तर गुप्तधन सापडल्यासारखं झालं. श्रीधरना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सभेत बोलू नकोस. इथे असं कुणी बोलत नाही."

"म्हणूनच तर बोलायला पाहिजे," मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही हे त्यांना लग्नाआधीच कुणीतरी सांगायला हवं होतं.

त्याच आठवड्यात मंडळाची तयारीची बैठक होती. रॉकेलचा हीटर, गरम चहा, मुळ्याचं लोणचं, आणि गुडघे दुमडून बसलेली तिन्ही पेठांची माणसं. अध्यक्ष कुवाबारा-सान. वय ऐंशी, वरच्या पेठेतले, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. अंगाने उंच, सडसडीत. ते खोलीत आले की सगळ्यांच्या पाठी आपोआप ताठ व्हायच्या. मी उभी राहिले आणि माझ्या टोफूच्या दुकानातल्या जपानीत सांगून टाकलं, "वरच्या पेठेने शेवटी बर्फ टाकावा, खालच्या पेठेने आधी. म्हणजे सगळ्यांचाच जाईल."

आमच्या पेठेची माणसं खालच्या चटईकडे बघत होती, जणू ती आजच विणून आणली होती.

"मोहिते-सानांनी फार मोलाचा विचार मांडला," कुवाबारा-सान म्हणाले. "आपण त्यावर सावकाश विचार करू."

मी खूश होऊन घरी आले. श्रीधरनी कपाळाला हात लावला. "अगं, सावकाश विचार करू म्हणजे नाही!"

दुसऱ्या दिवशी फणफणत दुकानात गेले. साकाई-सान शांतपणे म्हणाल्या, "मोहिते-सान, ते सगळ्यांना ठाऊक आहे."

"काय?"

"खालून सुरू केलं तर बर्फ जाईल, हे. पाट बांधला त्याच वर्षी माझे यजमान म्हणाले होते. घरात."

"मग सभेत का नाही म्हणाले?"

"पाण्याचं दार बसवलंय ती जमीन कुवाबारा-सानांच्या वडिलांनी दिली. फुकट. म्हणून पहिली पाळी वरच्या पेठेला, असं ठरलं. आता त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं, की तुम्ही शेवटी थांबा?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे चाळीस वर्षं तुम्ही दुकानात पाणी घेतलंत, पण बोलला नाहीत?"

"तुमच्याकडे बोलतात?"

"आमच्याकडे कुऱ्हाडी काढतात."

साकाई-सान तोंडावर हात ठेवून हसल्या. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "इथे गोष्ट आधी घरी जाऊन सांगतात. सभेत फक्त माना हलवायच्या असतात. आणि घरी गेलात तरी अर्धीच सांगा. उरलेली त्यांना सांगू द्या."

"तुम्ही येता माझ्याबरोबर?"

"मी गेले तर ती तक्रार होईल. तुम्ही गेलात तर ती भेट होईल."

शनिवारी मी एका डब्यात थालीपीठं आणि दुसऱ्यात साकाई-सानांचा टोफू घेऊन चढ चढले. कुवाबारा-सानांच्या घरातून संथ, खर्जातलं गाणं ऐकू येत होतं. जुन्या नाटकांतल्या पदांचं ते गायन ते शिकवायचेही. गाणं संपेपर्यंत मी बाहेर बर्फात उभी राहिले.

"कळलं का काही?" त्यांनी दार उघडून विचारलं.

"शब्द नाही कळले. पण आवाज पोटातून येतो, एवढं कळलं."

ते खूश झाले. चहा आला. वसंतात त्यांच्या मंडळींचा गाण्याचा कार्यक्रम होता, त्याबद्दल बोलत राहिले.

"तुम्ही कधी गाणार?" मी विचारलं.

"शेवटी. आधी शिकाऊ मंडळी, मग जाणती, आणि सगळ्यात शेवटी गुरू. तशीच पद्धत आहे."

"आमच्याकडेही तेच," मी म्हटलं. "मोठा गवई मैफलीत शेवटी बसतो. त्याला आधी गायला सांगितलं तर तो तंबोरा उचलून घरी जाईल."

कुवाबारा-सान मोठ्याने हसले. आणि मी, कालिंदी मोहिते, जिने आयुष्यात एक वाक्य कधी अर्धं सोडलं नव्हतं, मूग गिळून गप्प बसले. चहाचा पेला दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला, नाहीतर काहीतरी बोलून गेले असते.

ते खिडकीबाहेर पाहू लागले. तिथून पाण्याच्या दाराचं मोठं लोखंडी चाक दिसायचं. त्या चाकाकडे बघतच म्हणाले, "सहा वाजता आमची मुलं घरी असतात. ती बर्फ टाकतात आणि कामाला जातात. आठ वाजता या पेठेत आम्ही म्हातारेच उरतो. आणि डोंगराजवळ असल्यामुळे बर्फ आमच्याकडे सगळ्यात जास्त."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आण्णांच्याही आलं नव्हतं. त्यांच्या पाटावर दारं धरून पाणी वळवायला गडी असतात. पहिली पाळी म्हणजे नुसता मान, असंच मी धरून चालले होते.

"हे मला सुचलं नाही," मी खरं ते सांगितलं.

दारापर्यंत सोडायला येताना ते गंभीरपणे म्हणाले, "तुमची पोळी फार तिखट आहे." आणि थोडं थांबून, "चांगली आहे."

परत येऊन साकाई-सानांना सगळं सांगितलं. त्यांचे हात पाण्यात चालूच होते. "असं म्हणाले का," एवढंच बोलल्या. मला वाटलं, संपलं. नागोयाचं तिकीट काढायचं तेवढं राहिलं.

महिनाअखेरची सभा आली. तेच सभागृह, तेच लोणचं. झाकणं पक्की करायचा विषय निघायच्या आधीच कुवाबारा-सान उभे राहिले.

"वरच्या पेठेच्या वतीने एक विनंती आहे," ते म्हणाले. "पाण्याचं दार आमच्या पेठेत आहे. ते उघडण्याचा मान आम्हाला आहे, तसा बंद करण्याचाही आहे. म्हणून दार बंद होण्याआधीची शेवटची पाळी आमची असावी, असं आम्हाला वाटतं. बाकीच्या पेठांनी कृपा करून आधी उरकून घ्यावं. एक सकाळ करून बघू. खालच्या पेठेत पाणी शिरलं नाही, तर झाकणांचा विषय सोडून देऊ. शिरलं, तर झाकणं पक्की करावी लागतील."

मी तोंड उघडलं. श्रीधरनी कोपराने ढोसलं. मी तोंड मिटलं. सगळ्या सभेने माना हलवल्या आणि साकाई-सान एवढ्या खाली वाकल्या की कपाळ चटईला टेकलं.

बाहेर पडताना मी हळूच म्हटलं, "पण आठ वाजता त्या म्हाताऱ्यांचं कसं होणार?"

"आधी आपली सहाची पाळी बघू," साकाई-सान म्हणाल्या. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी त्या टोफू घेऊन घरोघर हिंडताना दिसायच्या.

ठरलेल्या दिवशी उठून दार उघडलं तर दारासमोर बर्फाची भिंतच उभी. रात्रभर पडला होता. कमरेपर्यंत बर्फ तुडवत दुकानाशी पोचले तेव्हा सगळी खालची पेठ आपापल्या झाकणापाशी फावडी घेऊन उभी होती. साकाई-सानांनी डोक्याला पांढरा रुमाल बांधला होता आणि फावड्यावर दोन्ही हात ठेवले होते.

झाकणांखालून खळखळ ऐकू आली. पाणी आलं.

साकाई-सानांनी झाकण उघडलं. इतके दिवस मी तिथे लगदाच पाहिला होता. त्या सकाळी तिथे काळंभोर, स्वच्छ, धावतं पाणी होतं. त्यांनी पहिलं फावडं आत टाकलं. बर्फ एकदा गिरकी घेऊन अंधारात दिसेनासा झाला. त्या तशाच वाकून बघत राहिल्या, परत येतोय का ते.

"गेला," त्या म्हणाल्या. मग ओरडल्या, "गेला!"

आणि मग काय विचारता! फावडी अशी चालली की बर्फ उडून तोंडावर येत होता. कोपऱ्यावरचा न्हावी, एरवी केस कापतानाही तोंड न उघडणारा, तो "अजून! अजून!" म्हणून ओरडत होता. मला राहवेना. मी पाटाच्या कडेने धावत नदीपर्यंत गेले. पाटाच्या तोंडातून आमचा बर्फ धबाधबा नदीत पडत होता. मी मराठीत, होता नव्हता तेवढा आवाज काढून, ओरडले, "शेपूट मोकळं झालं!" समोरच्या काठावर कुत्रा फिरवणाऱ्या गृहस्थाने आदराने मान लववली.

सात वाजता मधल्या पेठेचा बर्फ निघाला. आम्ही सगळे झाकणांना कान लावून उभे. खरखर आवाज आला, वळणापाशी आला, आणि वळण घेऊन पुढे गेला. दुकानाचा उंबरा कोरडा ठणठणीत राहिला. साकाई-सान त्यावर बसल्या आणि चक्क रडल्या. मीही रडले. चाळीस वर्षांनी तो उंबरा हिवाळ्यात बसण्याजोगा झाला होता.

"चला, आता चहा," मी डोळे पुसून म्हटलं.

पण कुणी घराकडे वळलं नाही. साकाई-सान उठल्या, त्यांनी दुकानाचं सरकतं दार ओढून बंद केलं आणि फावडं खांद्यावर टाकलं. दिवसा ते दार बंद झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"कुठे निघालात?"

"वर," त्या म्हणाल्या. "आठ वाजत आले."

आणि त्यांच्यामागे न्हावी निघाला, रंगाऱ्याची विधवा निघाली, सगळी खालची पेठ निघाली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या आठवडाभर साकाई-सान संध्याकाळी टोफू घेऊन घरोघर का हिंडत होत्या. मधल्या पेठेतून जाताना तिथलेही काही लोक फावडी घेऊन आमच्यात मिसळले. सगळा रस्ता माणसांनी भरून गेला. मी त्या चढावर धापा टाकत होते आणि छाती अभिमानाने फुटायची बाकी होती.

वरच्या पेठेत कुवाबारा-सान आणि त्यांच्याच वयाची चार-पाच माणसं झाकणं उघडून उभी होती. भोवती बर्फाचे ढीग त्यांच्या डोक्यांहून उंच. आम्हाला पाहून कुवाबारा-सानांच्या हातातलं फावडं थांबलं. साकाई-सानांच्या आणि त्यांच्या घरात मोजून दहा मिनिटांची वाट, पण साकाई-सान त्यांच्या दारापाशी कधी गेल्या नव्हत्या.

साकाई-सान पुढे झाल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "तुमचा बर्फ आमच्या दारावरून जायचा आहे. नीट जातोय का, ते बघायला आलो."

कुवाबारा-सानांनी डोक्यावरची टोपी काढली. तेही वाकले. त्यांनी पुन्हा टोपी घातली आणि बाजूला सरकून आम्हाला जागा करून दिली.

साडेआठच्या आत तो डोंगर संपला. शेवटचा ढिगारा उरला तेव्हा न्हावी त्याच्याकडे धावला. साकाई-सानांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं आणि कुवाबारा-सानांकडे पाहिलं. "शेवटचं फावडं गुरूंचं."

मला एक ठसका लागला. गाण्याच्या क्रमाचं ते बोलणं मी सांगितलं तेव्हा त्यांचे हात पाण्यात होते, पण कान माझ्याकडेच होते.

कुवाबारा-सानांनी शेवटचं फावडं टाकलं. मग ते पाण्याच्या दारापाशी गेले, ते मोठं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि फिरवू लागले. फिरवता फिरवता त्यांनी सूर लावला. तोच पोटातून येणारा खर्ज. उतारावरून तो खाली मधल्या पेठेपर्यंत गेला, आमच्या पेठेपर्यंत गेला. फावडी टेकवून सगळे ऐकत उभे राहिले. पाटातलं पाणी ओसरलं तरी ते गातच होते.

खाली परतलो तेव्हाही दुकानाचा उंबरा कोरडाच होता. त्या दिवसानंतर कुणी झाकणांचं नाव काढलं नाही, आणि नागोयाची सातव्या मजल्यावरची खोली रिकामीच राहिली.

रविवारची वाट न बघता मी त्याच दिवशी आण्णांना फोन लावला.

"आण्णा, शेपूट मोकळं झालं!"

"व्हय? लई भारी! मग वरचा बोंबलला असंल की?"

"न्हाई आण्णा," मी म्हटलं. "वरचा गायला."